घराची वाटणी करून देणारी मध्यस्थी सेवा: सहा बैठका, सात महिने

लग्न मोडलंय, पण दोघांच्या नावावरचं घर तसंच अडकून पडलंय, अशांसाठी हे लिहितेय. गेल्या वर्षी आम्ही त्यासाठी एका खाजगी मध्यस्थी सेवेकडे गेलो होतो. नाव देत नाही. त्यांचं काही काम मला इतकं आवडलं की ओळखीच्या दोघांना मी त्यांच्याकडे पाठवलं, आणि एका चुकीपायी माझे अकरा आठवडे ज्या ओढाताणीत गेले ती मी विसरू शकलेली नाही. दोन्ही सांगते.

आमची परिस्थिती थोडक्यात अशी. घर आठ वर्षांपूर्वी घेतलं, कागदावर दोघांची नावं, दोघांचा निम्मा-निम्मा हिस्सा. वीस वर्षांचं कर्ज, तेही दोघांच्या नावावर. एक लेक. मी शाळेत गणित शिकवते, त्याचा पगार माझ्यापेक्षा बराच जास्त. मी लेकीला घेऊन भाड्याच्या घरात राहायला आले, तो तिथेच राहिला. वेगळं व्हायचं हे आमचं शांतपणे ठरलं होतं. घराचा विषय निघाला की मात्र पाचव्या मिनिटाला आवाज चढायचे. त्याचं म्हणणं, "हप्ते मी भरले." माझं म्हणणं, "सुरुवातीची रक्कम माझी होती." दोन्ही खरं होतं, म्हणूनच ते संपत नव्हतं.

कोर्टात जाऊन वाटणी मागता येते, पण सदनिकेच्या मधोमध भिंत घालून दोन घरं होत नाहीत. शेवटी कोर्टही बहुतेक वेळा हेच सांगतं की एकाने दुसऱ्याचा हिस्सा विकत घ्या, नाहीतर विकून पैसे वाटा. तिथे पोचायलाच काही वर्षं घालवायची का, असा विचार करून आम्ही या सेवेचा फोन लावला. फी दोघांनी निम्मी-निम्मी भरायची, हा त्यांचा नियम होता आणि तो मला पटला. एकट्याने भरली की दुसऱ्याला मध्यस्थ त्याचाच माणूस वाटायला लागतो.

पहिल्या बैठकीत मध्यस्थ बाईंनी घराबद्दल एक अक्षर काढलं नाही. म्हणाल्या, "तुमच्याकडे त्या घराच्या जेवढ्या किल्ल्या असतील तेवढ्या टेबलावर ठेवा." त्याच्या जुडग्यातल्या चार आणि माझ्या पर्समधल्या तीन, अशा सात निघाल्या. मुख्य दाराच्या दोन, लोखंडी दाराच्या दोन, कपाटाची एक, टपालपेटीची एक. सातवी पितळेची, बारीक, दांड्यावर हिरवट डाग पडलेली. ती कशाची ते मला आठवेना आणि त्यालाही आठवेना. बाईंनी यादीत लिहिलं, 'किल्ल्या ७, पैकी एकीचं कुलूप माहीत नाही', आणि दोघांकडून त्याखाली सह्या घेतल्या. तेव्हा हे सगळं मला वेळकाढूपणा वाटलं होतं. घरी आल्यावर लक्षात आलं की कित्येक महिन्यांनी आम्ही दोघांनी एका वाक्याखाली सही केली होती.

दुसऱ्या बैठकीत त्यांनी 'घर कोणाचं' हा प्रश्नच मोडून टाकला. रेघांच्या वहीत चार रकाने आखले: मालकी, कर्ज, घातलेला पैसा, वापर. आमचं इतकी वर्षं जे चाललं होतं त्यात एका रकान्यातलं उत्तर आम्ही दुसऱ्या रकान्यातल्या प्रश्नाला देत होतो. मी मालकीबद्दल बोलले की तो हप्त्यांबद्दल बोलायचा. तो कर्जाबद्दल बोलला की मी म्हणायचे, "राहतोयस तर तूच ना तिथे!"

मालकी म्हणजे नोंदणी झालेल्या कागदावर कोणाचं नाव आणि किती हिस्सा. इथे बाईंनी एक गोष्ट सांगितली जी मला माहीत नव्हती. सहमालकी दोन प्रकारची असू शकते. एका प्रकारात प्रत्येकाचा हिस्सा वेगळा असतो आणि माणूस गेला की तो त्याच्या वारसांकडे जातो. दुसऱ्या प्रकारात एक गेला की त्याचा वाटा आपोआप दुसऱ्या मालकाकडे जातो. वेगळं झाल्यावर आणि वाटणी होईपर्यंतच्या मधल्या काळात हा फरक फार मोठा आहे, म्हणून आपला कागद कोणत्या प्रकारचा आहे ते आधी बघा आणि मृत्युपत्र, नामनिर्देशन हेही त्याच आठवड्यात तपासा. आमचा कागद पहिल्या प्रकारचा निघाला, पण माझ्या तीन ठिकाणच्या नामनिर्देशनांत अजून त्याचंच नाव होतं.

कर्जाचं गणित मालकीहून वेगळं. कर्जावर दोघांच्या सह्या असतील तर बँकेच्या लेखी दोघंही पूर्ण कर्जाला बांधील असतात, निम्म्या-निम्म्याला नव्हे. एकाने हप्ता थांबवला तर बँक दुसऱ्याकडे सगळी थकबाकी मागू शकते. घरातून बाहेर पडल्याने किंवा घटस्फोटाने कर्जातून कोणी बाहेर पडत नाही. हा मुद्दा त्यांनी दुसऱ्याच बैठकीत इतका नीट समजावला आणि पुढे स्वतःच विसरल्या, त्याचं मला आजही वाईट वाटतं.

घातलेल्या पैशाचा कायदा सगळीकडे सारखा नाही. काही देशांत लग्नानंतर घेतलेलं घर मुळातच दोघांचं निम्मं-निम्मं धरतात, काही ठिकाणी कागदावरचं नाव आणि कोणी किती भरले ते बघतात. "कायद्याचा सल्ला मी देणार नाही, तो तुम्ही आपापल्या वकिलाकडून घ्यायचा," हे बाईंनी पहिल्याच दिवशी स्पष्ट केलं होतं. मी गेले. त्यानेही जायला हवं होतं, गेला नाही.

आता या सेवेतला सगळ्यात मोलाचा भाग. तिसऱ्या बैठकीत तो येताच म्हणाला, "तूच ठेव घर, मला फक्त माझा हिशोब नीट दे." मी काही बोलणार तोच बाईंनी हात वर केला. "आज नाही. घर कोण ठेवणार हे आज कोणीही बोलायचं नाही. आधी किंमत, मग माणूस."

हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं. कारण घर कोण ठेवणार हे आधी ठरलं की किंमतीवरचं प्रत्येक मत खरेदीदाराचं किंवा विक्रेत्याचं होतं. ठेवणाऱ्याला गच्चीतली गळती दिसायला लागते, सोडणाऱ्याला सकाळचं ऊन. पण आपण देणार आहोत की घेणार आहोत हेच माहीत नसेल, तर खोटं बोलून आपला फायदा होईल की तोटा ते कळत नाही आणि माणूस सरळ खरं बोलतो. दोघांत वाटायचं असेल तर एकाने कापायचं आणि दुसऱ्याने उचलायचं, ही जी जुनी रीत आहे ती याच कारणाने चालते. कापणाऱ्याला आपल्या वाट्याला कोणता तुकडा येणार हे माहीत नसतं.

याचा पडताळा मला स्वतःला आला. दोन स्वतंत्र मूल्यांकनकर्ते नेमायचे आणि सरासरी काढायची असं ठरलं. शेवटी जी किंमत ठरली तिला मी इथे १०० भाग म्हणते, म्हणजे तुम्हाला आपले आकडे घालून बघता येतील. पहिल्याने ११२ सांगितली, दुसऱ्याने ९६. इतका फरक का, म्हणून मी दोन्ही अहवाल रात्री जेवणं उरकल्यावर शेजारी-शेजारी ठेवून वाचले. पहिल्याने आसपासच्या अलीकडे विकल्या गेलेल्या घरांचा दर घेतला होता, तो घरातल्या प्रत्यक्ष वापरायच्या जागेचा दर होता. आमच्या घराचं क्षेत्रफळ मात्र भिंतींच्या जाडीसकट धरलं होतं. दर एका मापाचा, क्षेत्रफळ दुसऱ्या मापाचं. दुसऱ्या दिवशी मी टेप घेऊन गेले. त्याने एक टोक धरलं, मी दुसरं. बेडरूमच्या खिडकीपाशी टेप सटकून त्याच्या बोटाला लागली आणि दोघंही क्षणभर गप्प झालो, कारण "लागलं का?" हे माझ्या तोंडून अगदी जुन्या आवाजात आलं होतं. सगळ्या खोल्या मोजून झाल्यावर गुणाकार केला. क्षेत्रफळ तेरावा हिस्सा जास्त धरलं गेलं होतं. दुरुस्ती केल्यावर ११२ चे १०४ झाले. १०४ आणि ९६ ची सरासरी १००.

ही चूक मी दाखवली तेव्हा घर मी ठेवणार की तो, हे मला माहीत नव्हतं. पुढे घर त्याच्याकडे गेलं आणि या दुरुस्तीमुळे माझ्या हातात दोन भाग कमी आले. मला त्याची खंत नाही. नंतरच्या प्रत्येक बैठकीत माझ्या आकड्यावर त्याने विश्वास ठेवला तो त्या टेपमुळे.

मूल्यांकनकर्त्याबद्दल तक्रार आहेच. तो माणूस सेवेने सुचवलेला होता, वीस मिनिटांत फोटो काढून गेला आणि स्वयंपाकघराच्या सिंकखालची ओल त्याने बघितलीही नाही. तुम्ही कोणाकडूनही मूल्यांकन करून घ्या, पण अहवालात कोणती घरं तुलनेला घेतली, ती कधी विकली गेली, क्षेत्रफळ कोणत्या मापाचं आहे आणि मजला, इमारतीचं वय यांसाठी किती वजावट केली, हे सगळं लिहून मागा. नुसता शेवटचा आकडा घेऊन उठू नका.

चौथी बैठक साडेतीन तास चालली आणि सगळ्यात अवघड गेली. किंमत १००. वेगळं झाल्याच्या तारखेला कर्जाचं मुद्दल साडेसदतीस बाकी होतं, अर्धा भाग कागदपत्रांच्या खर्चाला बाजूला काढला, म्हणजे वाटायला उरले ६२. इथे तो अस्वस्थ झाला. "आठ वर्षं हप्ते भरून एवढंच कर्ज फिटलं?" मला फळ्यापाशी उभं राहिल्यासारखं वाटलं, पण हे सांगायलाच हवं होतं. साडेआठ टक्के व्याजाच्या वीस वर्षांच्या कर्जात आठ वर्षं झाल्यावरही सुमारे ७८ टक्के मुद्दल शिल्लक असतं. दहा वर्षांनी, म्हणजे मुदत बरोब्बर अर्धी संपल्यावर, ७० टक्के. पहिल्या वर्षांतला हप्ता मुख्यतः व्याजातच जातो. म्हणून 'मी इतके हप्ते भरले' याची बेरीज करून तेवढी घराची मालकी मागता येत नाही. त्यातला मोठा वाटा त्या घरात राहण्याची किंमत होती आणि राहत आम्ही दोघं होतो.

मग सुरुवातीची रक्कम. घर घेतलं तेव्हा आजच्या मापाने ६० भागांना पडलं, त्यात ४८ कर्ज आणि १२ आमचे, त्यातले ९ माझे, ३ त्याचे. बाईंच्या बरोबर हिशोब बघणारे एक गृहस्थ असत, त्यांनी तीन मार्ग कागदावर मांडले. पहिला, कोणी किती घातले ते विसरायचं आणि ६२ चे निम्मे, म्हणजे ३१-३१. दुसरा, ज्याने जे घातले ते आधी परत द्यायचे आणि उरलेले ५० निम्मे करायचे, म्हणजे मला ३४ आणि त्याला २८. तिसरा, घराची किंमत ज्या पटीत वाढली त्याच पटीत सुरुवातीची रक्कमही वाढवायची. १२ चे २० होतात, त्यात माझे १५, त्याचे ५, उरलेले ४२ निम्मे, म्हणजे मला ३६ आणि त्याला २६. तिन्हींच्या मागे विचार आहे आणि तिन्हींना न्याय्य म्हणता येतं. मी अर्थातच तिसरा धरून बसले होते, तो पहिला.

इथे बाईंनी जे केलं ते मला कोणत्याही वकिलाच्या ऑफिसात मिळालं नसतं. दोघांना कोरा कागद दिला आणि म्हणाल्या, "गेल्या वर्षी समोरच्याने घरासाठी काय-काय खर्च केला ते आठवून लिहा. स्वतःचा नाही, समोरच्याचा." मी त्याचे हप्ते लिहिले, गाडी, विमा, गच्चीची दुरुस्ती. त्याने बराच वेळ पेन नुसतं धरून ठेवलं होतं. मग लिहायला लागला. किराणा, वीज, शाळेची फी, बस, कामाला येणाऱ्या ताईंचा पगार, आणि शेवटी 'चष्मा, दोनदा'. लेकीचा चष्मा त्या वर्षी दोनदा फुटला होता. हे त्याला आठवत असेल असं मला वाटलं नव्हतं. कागद वाचून दाखवल्यावर तोच म्हणाला, "म्हणजे मी हप्ता भरू शकलो ते हिने बाकीचं सगळं भरलं म्हणून." मी तिसऱ्या मार्गाचा हट्ट सोडला, त्याने पहिल्याचा. ३४ आणि २८ वर आलो.

किरकोळ वाद आणखी दोन झाले. घर खुल्या बाजारात विकलं असतं तर दलाली गेली असती, ती वजा करा असं तो म्हणत होता. जो खर्च होणारच नाही तो वजा करायचा नाही, असं ठरलं. दुसरा वाद वापराचा. मी बाहेर पडल्यापासून तो एकटा राहत होता, मग माझ्या निम्म्या घराचं भाडं? आणि तो पूर्ण हप्ता भरत होता, मग माझ्या निम्म्या हप्त्याचं काय? व्याज हे त्याच्या वापराचं मोल धरलं, भाडं मागितलं नाही आणि त्या सात महिन्यांत जेमतेम एक भाग मुद्दल कमी झालं ते त्याच्या नावे धरलं. तारीख एकच ठरवा आणि ती लिहून ठेवा, एवढं मात्र आवर्जून सांगते. तारीख ठरली नसेल तर दर महिन्याला नवा हिशोब आणि नवं भांडण.

पाचव्या बैठकीत 'मग माणूस' आलं. पोलंडचे गणितज्ञ ब्रॉनिस्लाव क्नास्टर यांची बंद चिठ्ठ्यांची एक पद्धत आहे, ती मी सुचवली. त्यांचे सहकारी ह्यूगो स्टाइनहाउस यांनी १९४० च्या दशकात न्याय्य वाटणीच्या गणिताचा पाया घातला, त्यातलीच ही. जी वस्तू तोडता येत नाही ती वाटताना प्रत्येकाने आपल्याला तिची किती किंमत वाटते ते चिठ्ठीत लिहायचं. जास्त लिहिणारा वस्तू ठेवतो आणि दुसऱ्याला पैसे देतो. दोघंच असतील आणि हिस्सा सारखा असेल तर हिशोब सोपा होतो, दोन आकड्यांची सरासरी हीच किंमत. कमी लिहिणाऱ्यालाही त्याच्या मनातल्या निम्म्यापेक्षा जास्तच मिळतं, म्हणून मला ती पद्धत आवडते. बाई तयार झाल्या. मी १०४ लिहिले, त्याने ९७. सरासरी साडेशंभर, म्हणजे मूल्यांकनाच्या अगदी जवळ. १०० च धरायचं ठरलं आणि घर माझ्याकडे आलं. त्या संध्याकाळी मी लेकीला सांगितलं की आपण परत तिथे राहायला जाणार.

ते तिला सांगायला नको होतं.

घर ठेवायचं म्हणजे मला साडेसदतीस भागांचं कर्ज आणि कागदपत्रांच्या खर्चाचा अर्धा भाग, असे ३८ भाग एकटीच्या नावावर घ्यायचे होते आणि त्याला द्यायला २८ नवे उभे करायचे होते, एकूण ६६. बँक एका पगारावर किती कर्ज देते याची मर्यादा असते. आधी कर्ज दिलं तेव्हा दोन पगार बघून दिलं होतं. त्यातला एक काढायचा म्हणजे बँक सगळं पुन्हा पहिल्यापासून तपासते. माझा अर्ज गेला, कागद मागवले, आणखी कागद मागवले, अकराव्या आठवड्यात नकार आला. बँकेला दोष देत नाही, त्यांचं गणित बरोबर होतं. पण हे गणित दुसऱ्या बैठकीनंतर लगेच करता आलं असतं. 'दोघांपैकी कोणाला एकट्याला हे कर्ज पेलेल' हे विचारायला बँकेत एक चक्कर पुरली असती. क्नास्टरची चिठ्ठी माणसाची इच्छा मोजते, त्याची ऐपत मोजत नाही. गणिताची शिक्षिका असून हे माझ्या आधी लक्षात आलं नाही. पण रोज हेच काम करणाऱ्या सेवेच्या लक्षात यायला हवं होतं. बाईंनी माफी मागितली, त्या महिन्याची फी घेतली नाही. लेकीला पुन्हा सांगायचं काम मात्र माझ्यावर आलं. ती म्हणाली, "मग माझी खिडकी?" आणि मी तिला काय उत्तर दिलं ते इथे लिहीत नाही.

यामुळे सेवेला मी पाचपैकी साडेतीन देते, नाहीतर साडेचार दिले असते.

सहाव्या बैठकीत पर्याय तीन उरले. त्याने घेणं, बाहेर विकणं, किंवा लेकीची शाळा संपेपर्यंत दोघांच्या नावावर तसंच ठेवून नंतर विकणं. तिसरा पर्याय ऐकायला फार बरा वाटतो. ज्यांचं अजून पटतं त्यांनी जरूर विचार करावा, पण मग हप्ता, मोठ्या दुरुस्त्या, विमा कोण भरणार, एकाला नवा जोडीदार राहायला आणायचा असेल तर काय, आणि विक्री नक्की कोणत्या तारखेला, हे सगळं लिहिलेलं हवं. शिवाय जुन्या कर्जावर नाव असेपर्यंत तुम्हाला स्वतःसाठी नवं कर्ज मिळायला अडचण येते. मला पुढे लहानसं घर घ्यायचं होतं. म्हणून त्याने घ्यायचं ठरलं. त्याला ३८ आणि ३४ मिळून ७२ उभे करायचे होते. थोडी बचत, बाकी कर्ज, आणि या वेळी आधी बँकेकडून लेखी होकार.

समझोत्याचा मसुदा सेवेने केला. भाषा सोपी, दोन पानं, वाचून लगेच समजेल असा. पण त्यात 'कर्जाची जबाबदारी यापुढे पतीची राहील' एवढंच वाक्य होतं. माझ्या वकिलांनी ते वाचून मला समोर बसवलं. म्हणाले, "हे तुमच्या दोघांतलं वचन आहे. बँकेची सही यावर नाही, त्यामुळे बँक याला बांधील नाही. उद्या त्याने हप्ता चुकवला तर पत्र तुम्हालाच येईल." त्यांनी तीन ओळी घालायला लावल्या. माझं हक्कसोडपत्र, माझे पैसे आणि कर्जातून माझं नाव कमी होणं, तिन्ही एकाच दिवशी. यासाठी शेवटची तारीख. ती टळली तर घर बाजारात विकायचं आणि मिळतील ते पैसे याच प्रमाणात वाटायचे. सही आधी आणि पैसे नंतर, असं कोणी कितीही गोड बोलून सांगितलं तरी करू नका. दोन पानं वाचायला वकिलांनी घेतलेली फी ही माझ्या या सगळ्या खर्चातली सर्वांत सार्थकी लागलेली रक्कम आहे.

आणखी एक सांगायलाच हवं. ही सेवा सगळ्यांसाठी नाही. जिथे मारहाण झालीय, धाक आहे, किंवा एकाने खाती लपवलीत, तिथे समोरासमोर बसून होणारी वाटणी न्यायाची होऊच शकत नाही. दुबळी बाजू लवकर सुटायला मिळेल त्यावर सही करते. पहिल्या फोनवर या सेवेने मला वेगळं गाठून तीन-चार प्रश्न विचारले होते, भीती वाटते का, पैशांचे व्यवहार दिसतात का. तसे प्रश्न तुम्हाला कोणी विचारले नाहीत तर त्या सेवेकडे जाऊ नका. मला वाटतं प्रत्येक बैठकीआधी दहा मिनिटं वेगळं बोलायला मिळायला हवं होतं, ते इथे फक्त सुरुवातीला मिळालं.

हस्तांतरणाच्या दिवशी सह्या झाल्या, रक्कम खात्यात आल्याचा संदेश फोनवर आला, मगच मी शेवटच्या पानावर सही केली. कर्जातून नाव कमी झाल्याचं बँकेचं पत्र हातात घेतलं. ते मूळ पत्र मागून घ्या, 'सिस्टीममध्ये झालंय' यावर उठू नका. बाईंनी पहिल्या बैठकीतली यादी बाहेर काढली. मी माझ्या तीन किल्ल्या टेबलावर ठेवल्या, त्याने चार. एकेक करून सहांपुढे खुणा झाल्या. सातवी, ती पितळी, मधेच राहिली. बाईंनी विचारलं, "हिचं काय करायचं?"

तो माझ्याकडे बघत होता. मी ती त्याच्याकडे सरकवली. म्हटलं, "कुलूप असेल तर तिथेच असेल."